बुल मूस जगला असता तर कोणत्या गटाचा झाला असता?

पर्यायी इतिहासाची आवड असणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला जातो. १९१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडलेल्या माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘बुल मूस’, विजयी झाला असता तर अमेरिका कशी घडली असती? एका बाजूचे उत्तर असे की वृद्धांचे निवृत्तिवेतन, बेकारीचा विमा आणि किमान वेतन हे सगळे १९३५ च्या आसपास येण्याऐवजी वीस वर्षे आधीच आले असते, समाजवादी मतदार हळूहळू या पक्षात मिसळला असता आणि अमेरिकेला युरोपच्या धर्तीचा एक कामगारहितवादी पक्ष कायमचा लाभला असता. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की रूझवेल्ट यांची सत्तेची ओढ पाहता हा पक्ष एकचालकानुवर्ती राष्ट्रवादाकडे वळला असता. तिसरी बाजू म्हणते की अमेरिकेच्या निवडणूक पद्धतीत तिसरा पक्ष टिकतच नाही, म्हणून प्रश्नच निरर्थक आहे. तिन्ही बाजूंनी हा वाद चुकीच्या पायावर उभा केला आहे, असे माझे ठाम मत आहे. पहिली बाजू जाहीरनाम्यालाच पक्ष समजते, दुसरी नेत्यालाच, आणि तिसरी मतमोजणीच्या नियमाला. पक्षाची विचारसरणी प्रत्यक्षात ठरते ती त्याच्यातले गट एकमेकांशी कशावरून भांडतात, कोणाकडे पैसा आहे आणि कोणाला बाहेर ठेवून ते एकत्र आले आहेत, यावरून. ते तपासले तर निष्कर्ष वेगळा निघतो: जगलेला बुल मूस हा बड्या उद्योगांशी जुळवून घेणारा, नियमनावर भर देणारा, आक्रमक राष्ट्रवादी आणि वंशाच्या प्रश्नावर गोऱ्यांचाच पक्ष झाला असता, आणि त्याची डावी बाजू पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्याला सोडून गेली असती.

पहिल्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे आधी मान्य केले पाहिजेत. ऑगस्ट १९१२ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात मंजूर झालेला जाहीरनामा खरोखरच त्या काळाच्या पुढचा होता. स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीवर बंदी, स्त्री कामगारांसाठी किमान वेतन, अपघातग्रस्त कामगारांना भरपाई आणि आजारपण, बेकारी व वार्धक्य यांपासून संरक्षण देणारी सामाजिक विम्याची व्यवस्था एवढ्या मागण्या एखाद्या मोठ्या राष्ट्रीय नेत्याच्या पक्षाने एकत्र मांडल्या, हे अमेरिकेत नवे होते. या मागण्या हवेतून आल्या नव्हत्या. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या जेन ॲडम्स यांच्यासारख्या समाजसेविकांनी वर्षानुवर्षे गोळा केलेल्या अनुभवातून त्या आल्या होत्या. राज्य न्यायालयांचे काही घटनाविषयक निर्णय जनमताने फिरवण्याचा अधिकार मागणारे कलम अनेकांना आजही माथेफिरूपणाचे वाटते; परंतु १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने कामगार भरपाईचा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता हे लक्षात घेतले, की त्या कलमामागची निकड कळते. मतेही थोडीथोडकी नव्हती. रूझवेल्ट यांना २७.४ टक्के मते आणि ८८ निर्वाचक मते मिळाली, तर गादीवर असलेले अध्यक्ष टाफ्ट २३.२ टक्के आणि अवघ्या ८ निर्वाचक मतांवर राहिले. सत्ताधारी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला काही महिन्यांपूर्वी जन्मलेल्या पक्षाने मागे टाकले, ही घटना किरकोळ म्हणता येणार नाही.

मात्र इथेच एक घोटाळा होतो. टाफ्ट आणि रूझवेल्ट यांच्या मतांची बेरीज करून ‘रूझवेल्ट जिंकलेच असते’ असे म्हणणारे दोन वेगळी गृहीतके एकत्र करतात. जून १९१२ मध्ये रिपब्लिकन अधिवेशनाने रूझवेल्ट यांना उमेदवारी दिली असती तर ते कदाचित प्रत्यक्षात विजयी झालेले डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना हरवू शकले असते; पण तेव्हा प्रोग्रेसिव्ह पक्ष जन्मालाच आला नसता, आणि ज्यांनी टाफ्ट यांना पुढे आणले त्याच जुन्या रिपब्लिकन धुरिणांच्या जोरावर रूझवेल्ट यांना राज्य करावे लागले असते. उलट नव्या पक्षाचे अध्यक्ष म्हणून ते जिंकले असे मानायचे, तर प्रतिनिधीगृहात मूठभर आणि सिनेटमध्ये जवळजवळ शून्य पाठबळ असलेला अध्यक्ष कोणता कायदा मंजूर करून घेणार होता? बोरा आणि ला फॉलेट यांच्यासारखे नावाजलेले सुधारणावादी सिनेटर तर रिपब्लिकन पक्ष सोडायला तयारच झाले नाहीत. ला फॉलेट यांचा रूझवेल्ट यांच्यावरचा राग वैयक्तिक होता हे खरे, पण त्यामागे सैद्धांतिक मतभेदही होता. मक्तेदारी मोडायची की सांभाळायची, हा तो मतभेद.

हाच मतभेद पक्षाच्या आत, अगदी त्याच्या जन्मघरात होता. नव्या पक्षाच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष झाले जॉर्ज पर्किन्स. ते काही वर्षांपूर्वीपर्यंत जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीत भागीदार होते, इंटरनॅशनल हार्वेस्टर हा शेतीयंत्रांचा महाकाय उद्योग उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि युनायटेड स्टेट्स स्टीलच्या कारभाराशीही ते जोडलेले होते. वृत्तपत्रसम्राट फ्रँक मन्सी यांच्याबरोबर पक्षाच्या खर्चाचा मोठा भार त्यांनीच उचलला. पर्किन्स ढोंगी होते असे मी म्हणत नाही. मोठे उद्योग अपरिहार्य आहेत, स्पर्धा उधळपट्टीची असते, म्हणून सरकारने त्यांना मोडू नये, एका राष्ट्रीय आयोगामार्फत त्यांच्यावर देखरेख ठेवावी आणि उद्योगांनी कामगारांना निवृत्तिवेतन व नफ्यात वाटा द्यावा, ही त्यांची प्रामाणिक धारणा होती. रूझवेल्ट यांचा ‘नवा राष्ट्रवाद’ही याच दिशेने जाणारा होता. पण ॲमॉस पिंचो आणि त्यांचे बंधू गिफर्ड पिंचो यांच्याभोवतीच्या गटाला, तसेच पश्चिमेकडच्या शेतीप्रधान राज्यांतल्या कार्यकर्त्यांना, लोकशाहीवरचे संकट नेमके या महाकाय उद्योगांतच दिसत होते. अधिवेशनात जाहीरनामा वाचला जात असताना शेरमन मक्तेदारीविरोधी कायदा कडक करण्याचे कलम व्यासपीठावरून वाचले गेले. पर्किन्स यांनी आक्षेप घेतला. आणि छापील जाहीरनाम्यातून ते कलम गायब झाले. पक्षाच्या पहिल्याच दिवसांत, हजारो प्रतिनिधींच्या समोर वाचलेले कलम एका धनाढ्य पदाधिकाऱ्याच्या हरकतीवरून वगळले जाते, यापेक्षा पक्षाची सूत्रे कोणाच्या हाती होती याचा आणखी कोणता पुरावा हवा? १९१४ मध्ये ॲमॉस पिंचो यांनी पर्किन्स यांना हटवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा रूझवेल्ट पर्किन्स यांच्याच बाजूने उभे राहिले.

याचा कस एका प्रत्यक्ष प्रसंगावर लावून पाहता येतो. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोराडोतल्या लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला, वस्ती पेटली आणि बायका-मुलेही मृत्युमुखी पडली. त्या खाणी रॉकफेलर घराण्याच्या नियंत्रणातल्या कंपनीच्या होत्या. कोलोराडोतल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे नेते एडवर्ड कॉस्टिगन कामगार संघटनेचे वकील म्हणून पुढे उभे राहिले. त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्ट असते तर? १९०२ च्या कोळसा संपात त्यांनी खाणमालकांना वाटाघाटींना बसवले होते आणि गरज पडल्यास लष्कराकरवी खाणी चालवण्याची तयारी केली होती, तेव्हा ते गप्प बसले नसते हे मानायला जागा आहे. पण १९०२ मध्येही कामगारांना वेतनवाढ मिळाली, संघटनेला मान्यता मिळाली नाही. लवादाची ही पद्धत पर्किन्स यांना पूर्णपणे मान्य होती. कामगारांचा संघटित हक्क मात्र युनायटेड स्टेट्स स्टीलला मान्य नव्हता. कॉस्टिगन यांना हवे होते ते आणि पर्किन्स यांना चालणार होते ते, यांतून अध्यक्षांना एकाची निवड करावी लागली असती, आणि पक्षाची तिजोरी कोणाकडे होती हे आपण पाहिलेच आहे.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्याला या वादात बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. दक्षिणेत पक्ष कोणी बांधायचा? अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात रूझवेल्ट यांनी जाहीर पत्रातून भूमिका मांडली की उत्तरेत कृष्णवर्णीयांना पक्षात स्थान राहील, पण दक्षिणेत पक्षाचे नेतृत्व गोऱ्यांनीच करायचे. त्यानुसार अलाबामा, मिसिसिपी आणि फ्लोरिडा येथून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनात बसू दिले नाही. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी समान हक्कांविषयी लिहिलेले कलम त्यांचे सहकारी जोएल स्पिंगार्न यांनी शिकागोला नेले. ते स्वीकारले गेले नाही. जेन ॲडम्स अस्वस्थ झाल्या, त्यांनी आपली अस्वस्थता नंतर लिहूनही काढली, पण त्या पक्षात राहिल्या आणि रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला अनुमोदन देणारे भाषणही त्यांनी केले. मराठी वाचकाला इथे थांबावेसे वाटेल, कारण जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. ज्या नैतिक धर्मयुद्धाकडे फुले कृतज्ञतेने पाहत होते, त्याचीच भाषा बुल मूस बोलत होता, भजने गात होता, आणि दारात उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांना परत पाठवत होता.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. विल्सन यांनी तर १९१३ मध्ये केंद्र सरकारच्या खात्यांत गोऱ्या-काळ्यांची विभागणी वाढू दिली. ज्या ड्यू बॉइस यांनी त्यांना पाठिंबा दिला होता, त्यांचाच त्यांनी विश्वासघात केला. रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले होते. तेव्हा रूझवेल्ट यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय नोकरदारांची स्थिती विल्सन यांच्या काळापेक्षा बरी राहिली असती, हे मी मान्य करतो. परंतु त्याच रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये ब्राउन्सव्हिल प्रकरणात १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटल्याविना बडतर्फ केले होते, हेही विसरता येत नाही. शिवाय मुद्दा एका माणसाच्या स्वभावाचा नाही. पक्ष टिकवायचा तर दक्षिणेत पोस्टमास्तरांपासून न्यायाधीशांपर्यंतच्या नेमणुका कोणाच्या शिफारशीने होणार, हा प्रश्न मार्च १९१३ मध्येच समोर आला असता. लुइझियानाचे जॉन पार्कर यांच्यासारख्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या हाती त्या गेल्या असत्या, आणि एकदा गेल्या की त्या गटाला दुखावणारा कोणताही कायदा पक्षाला परवडला नसता. वीस वर्षांनंतर अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेमके हेच झाले: शेतमजूर आणि घरकामगार सामाजिक सुरक्षा कायद्याबाहेर राहिले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय याच कामांत होते.

पश्चिमेकडेही चित्र वेगळे नव्हते. उपाध्यक्षपदाचे उमेदवार हायरम जॉन्सन हे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, रेल्वे कंपनीच्या राजकीय वर्चस्वाला मोडून काढणारे, पक्षातले सर्वांत यशस्वी प्रशासक. मे १९१३ मध्ये त्यांनीच परकीय जमीनधारणा कायद्यावर सही केली. नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन घेता येणार नाही, असे त्यात म्हटले होते, आणि रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयही गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असे ठरवले. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांवरही तोच कायदा लागू झाला. जॉन्सन यांनी हे सुधारणावादाच्या विरोधात जाऊन केले नाही. लहान गोऱ्या शेतकऱ्याचे आणि कामगाराचे संरक्षण हा त्यांच्या सुधारणावादाचाच भाग होता, आणि म्हणूनच तो अधिक चिंताजनक आहे. रूझवेल्ट यांच्यानंतर पक्षाचा स्वाभाविक वारसदार जॉन्सन हेच असते, हे लक्षात ठेवून मग कामगारहितवादी पक्षाची कल्पना करावी.

आणि मग युद्ध. जाहीरनाम्यात दरवर्षी दोन नव्या युद्धनौका बांधण्याचे कलम होते. शांततावादी जेन ॲडम्स यांनी समाजसुधारणांसाठी ते गिळले. शांततेच्या काळात अशी तडजोड चालते. ऑगस्ट १९१४ नंतर ती चालणे अशक्य होते. जानेवारी १९१५ मध्ये ॲडम्स महिला शांतता पक्षाच्या प्रमुख झाल्या आणि त्याच काळात रूझवेल्ट देशभर युद्धसज्जतेचा प्रचार करत विल्सन यांना भित्रे म्हणत होते. रूझवेल्ट सत्तेत असते तर अमेरिका १९१७ पूर्वीच युद्धात उतरण्याची शक्यता मोठी होती. मग ज्या समाजसेविकांनी, ज्या ग्रामीण पश्चिमेने या पक्षाला त्याचा नैतिक अधिकार दिला होता, त्यांनी काय केले असते? प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. १९१६ च्या जूनमध्ये प्रोग्रेसिव्ह अधिवेशनाने पुन्हा रूझवेल्ट यांनाच उमेदवारी दिली. त्यांनी ती नाकारली; त्याआधी तडजोडीचा उमेदवार म्हणून त्यांनी हेन्री कॅबट लॉज यांचे नाव सुचवले होते. लॉज हे युद्धसज्जतेचे पुरस्कर्ते आणि पक्षाच्या बहुतेक सामाजिक मागण्यांचे विरोधक. पक्षाचा नेता कोणत्या कलमासाठी कोणती कलमे सोडायला तयार होता, याचे उत्तर त्या एका सूचनेत आहे.

या ठिकाणी दोन ऐतिहासिक दाखले माझ्याविरुद्ध दिले जातात. पहिला खुद्द रिपब्लिकन पक्षाचा. १८५४ मध्ये जुने व्हिग, बंडखोर डेमोक्रॅट, गुलामगिरीविरोधक आणि परदेशी स्थलांतरितांचे द्वेष्टे असे परस्परविरोधी गट एकत्र आले आणि सहाच वर्षांत लिंकन अध्यक्ष झाले; मग गटबाजी असूनही बुल मूस का टिकला नसता? दाखला चांगला आहे, पण तो उलट बाजूचे सिद्ध करतो. त्या सर्व गटांना एका मुद्द्यावर तडजोड मान्य नव्हती: नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरता कामा नये. शिवाय उत्तरेतला व्हिग पक्ष कोसळलेला असल्याने त्यांच्या गावोगावच्या पुढाऱ्यांना परतायला घर उरले नव्हते. १९१२ मध्ये सर्व गटांना बांधणारा असा एकही मुद्दा नव्हता, आणि रिपब्लिकन पक्ष हरला असला तरी त्याचे आमदार, त्याच्या राज्य समित्या, त्याची वृत्तपत्रे शाबूत होती. दुसरा दाखला ब्रिटनच्या लिबरल पक्षाचा. त्याने १९०८ मध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन आणि १९११ मध्ये राष्ट्रीय विमा दिला तो समाजवादी न होताच. खरे आहे, पण त्याच्या बाजूला संघटित कामगारांचा स्वतंत्र पक्ष उभा होता आणि त्याचा धाक होता. अमेरिकेतला सर्वांत मोठा कामगार महासंघ १९१२ मध्ये विल्सन यांच्याकडे झुकला होता, आणि त्याचे नेते सॅम्युएल गॉम्पर्स सक्तीच्या आरोग्य विम्यालाच विरोध करत होते. ज्यांच्यासाठी कायदा करायचा, त्यांचीच संघटना पक्षाच्या बाहेर आणि कायद्याच्या विरोधात असेल तर तो कायदा कोणाच्या बळावर संमत होणार? आणि तो लिबरल पक्षही १९१६ मध्ये युद्धाच्याच प्रश्नावर ॲस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज या आपल्याच नेत्यांमध्ये दुभंगला, हे दाखला देणाऱ्यांनी पुढे वाचायला हवे.

निवडणूक पद्धतीवर सगळे ढकलणाऱ्या तिसऱ्या बाजूचे मात्र मी फारसे मान्य करणार नाही. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडण्याची पद्धत पक्षांची संख्या कमी ठेवते हे बरोबर; पण ते दोन पक्ष कोणते असावेत, हे ती ठरवत नाही. त्याच पद्धतीत ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने लिबरलांची जागा घेतली. त्याच पद्धतीत कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात शेतकरी-कामगारांच्या पक्षाने १९४४ मध्ये सत्ता मिळवली आणि पुढे तिथूनच सार्वजनिक आरोग्यसेवेची सुरुवात झाली. खुद्द अमेरिकेत मिनेसोटाच्या फार्मर-लेबर पक्षाने १९३० मध्ये फ्लॉइड ऑल्सन यांना गव्हर्नर म्हणून निवडून आणले. नॉर्थ डकोटात १९१५ मध्ये स्थापन झालेल्या नॉनपार्टिझन लीगने १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक सुरू केली आणि ती आजही चालू आहे. या संघटना वर्गणीदार शेतकऱ्यांच्या आणि कामगार संघांच्या जोरावर उभ्या होत्या, कोणा एकाच्या धनादेशावर नव्हे. त्यामुळे त्यांच्यातले भांडण सभासदांना तरी सोडवता येत होते. नॉनपार्टिझन लीगने तर वेगळा पक्षही काढला नाही, रिपब्लिकन प्राथमिक निवडणुका जिंकून तो पक्षच राज्यात ताब्यात घेतला. इथे बुल मूसच्या समर्थकांना एक अडचणीची गोष्ट दिसली पाहिजे. उमेदवार निवडीसाठी थेट प्राथमिक निवडणूक ही त्यांच्याच पक्षाची आवडती मागणी होती, आणि तीच जसजशी रुजली तसतशी असंतुष्ट गटांना स्वतंत्र पक्षाची गरज उरली नाही. जिंकलेल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने ती देशभर लागू केली असती, तर त्याने आपल्याच अस्तित्वाचे कारण कमी केले असते.

शेवटचा आणि भावनिक दृष्ट्या सर्वांत प्रभावी युक्तिवाद असा की न्यू डील, म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १९३० च्या दशकातला सुधारणा कार्यक्रम, हा बुल मूसचाच उशिरा आलेला विजय होता. मग आधी आला असता तर काय बिघडले असते? कार्यक्रमांचे साम्य निर्विवाद आहे. पण माणसे पाहा. शिकागोचे हॅरॉल्ड इक्स १९१२ चे कट्टर प्रोग्रेसिव्ह, ते १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात गेले. लडलोच्या कामगारांचे वकील कॉस्टिगन डेमोक्रॅटिक सिनेटर झाले. आणि १९३६ मध्ये न्यू डीलच्या विरोधात रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी उभे केले ते आल्फ लँडन आणि उपाध्यक्षपदासाठी फ्रँक नॉक्स. हे दोघेही १९१२ मध्ये बुल मूसचेच होते. मक्तेदारीविरोधी डाव्या गटाचे ॲमॉस पिंचो न्यू डीलचे कडवे टीकाकार बनले. एकाच पक्षाच्या सभासदांना चोवीस वर्षांनी त्यांचाच जुना जाहीरनामा कायद्याच्या रूपात दिसला, तेव्हा ते दोन छावण्यांत विभागले गेले. जी माणसे प्रत्यक्षात १९३६ मध्ये एकत्र राहू शकली नाहीत, ती १९१५ मध्ये एका मंत्रिमंडळात राहिली असती असे मानायला काय आधार आहे?

म्हणून माझ्या दृष्टीने विश्वासार्ह पर्यायी इतिहास असा दिसतो: १९१३ मध्ये उद्योगांवर देखरेख ठेवणारा बलाढ्य राष्ट्रीय आयोग, ज्याच्या नेमणुकांवर पर्किन्स यांचा ठसा, बालमजुरीविरोधी कायदा, जो विल्सन यांच्या १९१६ च्या कायद्याप्रमाणेच न्यायालयात रद्द होतो, कारण जनमताने निर्णय फिरवण्याचे कलम केंद्रीय न्यायालयांना लागूच नव्हते, दक्षिणेत गोऱ्यांच्या हाती असलेल्या समित्या, १९१५ मध्ये ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा राजीनामा, १९१६ मध्ये पिंचो गट ला फॉलेट यांच्याकडे, आणि १९२० मध्ये, रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर, जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतरितांविरुद्ध कठोर आणि रेल्वे कंपन्यांविरुद्धही कठोर असा पश्चिमेचा एक प्रादेशिक पक्ष. या चित्रातला कोणताही तपशील वेगळा असू शकतो. पण जो कोणी याहून आशादायक चित्र रंगवेल, त्याने पर्किन्स यांच्या जागी पैसा कोणी दिला असता, अलाबामाच्या परत पाठवलेल्या प्रतिनिधींना केव्हा आणि कोणी आत घेतले असते, आणि युद्ध सुरू झाल्यावर ॲडम्स कोणत्या कारणासाठी थांबल्या असत्या, या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी द्यावीत.